नजरेला ठेवलेली वाट

१

एक होता चितारी. त्याला एक म्हातारी आई होती, एक धाकटा भाऊ होता आणि एक बायको होती. चितारी फक्त रेघा ओढायचा, भाऊ फक्त रंग भरायचा. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि बायकोला अक्षराची ओळख नव्हती. ती बायको म्हणजे मी.

लोक माझ्या नवऱ्याला रेघोबा म्हणत आणि दिराला रंगराव. दोघांनाही ते आवडायचं नाही, पण म्हणून कुणी म्हणायचं सोडलं नाही.

रेघ एकाने आणि रंग दुसऱ्याने, हा नेम सासऱ्यांनी घालून दिलेला. एकाच हाताने दोन्ही केलं की चित्र शेफारतं, मग ते कुणाचं ऐकत नाही, असं ते म्हणत. मी दगडावर रंग वाटायची, जवसाच्या तेलात कालवायची, चौकटीवर कापड ताणून खिळे ठोकायची. आणि सगळ्यात शेवटचं कामही माझंच. चित्र पुरं झालं की दोघं भाऊ मला त्याच्यासमोर उभी करत.

“आत कुठून गेलीस?” नवरा विचारायचा.

“पायरीवरून.”

“मग?”

“हंड्यापाशी टेकले जरा.”

“आणि बाहेर?”

“खिडकीतून.”

मगच चित्र घराबाहेर पडायचं. मला बाहेर येता आलं नाही, तर थोरला एखादी फांदी खाली घ्यायचा, धाकटा एखादा कोपरा उजळायचा, की परत माझी हजेरी. शिकलेला माणूस काय बघायचं ते ठरवून येतो, हिची नजर चित्र नेईल तिकडे जाते, असं सासरे म्हणायचे. नजर आत घेतली की तिला बाहेर जायला वाट ठेवायची. पाहुण्याला घरात कोंडत नाहीत. माझ्या अडाणीपणाला एवढा मान दुसऱ्या कुठल्या घरात मिळाला नसता.

२

एके दिवशी कातडी कमावण्याच्या कारखान्याचा मालक आमच्या खोलीत आला. माणूस बुटका, पण दारात उभा राहिला की दार भरायचं. त्याला बैठकीच्या खोलीसाठी चित्र हवं होतं. कामगार तिथे भांडायला यायचे.

“भांडायला आलेल्या माणसाने नुसतं चित्राकडे बघितलं, की त्याच्या पोटात गोळा आला पाहिजे,” तो म्हणाला.

“सुरी काढू?” धाकट्याने विचारलं.

“सुरी नको. रक्त नको. मेलेलं जनावर तर नकोच, ते मी रोज बघतो. टेबल काढा. जेवणाचं साधं टेबल. माझ्या बैठकीत आहे तसं, आणि सहा खुर्च्या.”

बदल्यात तो आम्हाला कारखान्याच्या आवारातली मोठी खोली देणार होता. उत्तरेला खिडकी, बाजूला राहायला दोन खोल्या. आमच्या जुन्या घरात उजेड यायचा तो शेजाऱ्याच्या भिंतीवर आपटून, उष्टा होऊन. उत्तरेचा उजेड म्हटल्यावर दोघा भावांच्या तोंडाला पाणी सुटलं. आठवडाभरात आम्ही बिऱ्हाड हलवलं.

दोघांनी चित्र कसं रचलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नवरा म्हणाला, “आडवी रेघ निजलेली असते, उभी रेघ पहाऱ्यावर असते. तिरकी रेघ पडत असते. आणि पडणाऱ्या वस्तूवरून माणसाला नजर काढता येत नाही.” त्याने दोरीला बांधलेला ओळंबा खाली सोडून आधी सरळ काय ते पाहिलं आणि मग एकही गोष्ट सरळ ठेवली नाही. टेबलाचा कोपरा थेट बघणाऱ्याच्या पोटाकडे. सहा खुर्च्या मागे ढकललेल्या, प्रत्येकीचा कल वेगळा, जणू बसलेली माणसं एका झटक्यात उठली. मागच्या भिंतीत उजवीकडे एक दार, बंद. दोन्ही कडांना मात्र दोन ताठ खांब, म्हणजे नजर कडेला गेली की आपटून मागे फिरावी.

दिराने सगळीकडे शेवाळी, मातकट रंग चढवला. उजेड वरून नाही, खालून आणला. खालचा उजेड माणसाला पटत नाही, म्हणाला. आणि शेवटी टेबलाच्या कडेवर गव्हाच्या दाण्याएवढा लाल ठेवला.

“एवढासाच, भाऊजी?” मी म्हणाले.

“वहिनी, सगळे गप्प बसलेल्या खोलीत एकच जण कुजबुजला तरी ओरडल्यासारखं वाटतं.”

३

मग मला उभं केलं.

“आत कुठून गेलीस?”

“टेबलाच्या कोपऱ्यावरून. पोटात घुसला मेला.”

दोघं हसले.

“मग?”

“लाल दाण्यापाशी. मग त्या पडत्या खुर्चीवर. मग दुसऱ्या. मग परत दाण्यापाशी.”

“आणि बाहेर?”

मी बघत राहिले. खांबाला आपटले, मागे फिरले. दार बंद होतं. किती वेळ उभी होते कोण जाणे, चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा भानावर आले.

“बाहेर नाही आले,” मी म्हणाले.

नवऱ्याने भावाकडे पाहिलं. भावाने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या घरात पहिल्यांदाच, मी कोंडले गेले म्हणून कुणाला आनंद झाला.

“ते दार बोटभर उघडं ठेवा,” मी म्हटलं. “मामंजी असते तर—”

“बाबांना कुणी मोठी खोली दिली नव्हती,” नवरा म्हणाला. “मालकाला हेच हवंय. महिनाभर इथे वाळेल, मग जाईल त्याच्या भिंतीवर. तुला काय रोज बघायचंय?”

रोजच बघायचं होतं की. त्याच खोलीत मी रंग वाटायची.

४

बाकीचं चित्र दहा-बारा दिवसांत वाळलं. लाल दाणा वाळला नाही.

तो लाल मी स्वतः वाटलेला. किती तेल घातलं ते माझ्या हाताला ठाऊक. पंधराव्या दिवशी मी त्याला करंगळी लावली, तर करंगळी लाल. वास घेतला. जवसाचंच तेल, माझाच रंग, दुसरंतिसरं काही नाही. मनाला म्हटलं, आवारात कातडी भिजवायचे हौद आहेत, हवा ओली आहे, लागतो वेळ. बोळ्याने दाणा पुसून घेतला, खालचा मातकट रंग दिसेपर्यंत. दुपारी पाहिलं तर दाणा जागच्या जागी, ओला, चकचकीत.

भाऊजींनी परत लावला असेल, म्हटलं. विचारायला हवं होतं. पण त्या दुपारी विचारायची वेळच आली नाही.

जेवायला बसलो होतो. नवरा एवढंच म्हणाला, “खालचा उजेड जरा जास्त झालाय.” असं ते एकमेकांना दिवसातून दहादा म्हणत. दिराने भरलेलं ताट उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. फेकलं नाही, मारलं, कडेने. नवऱ्याची भुवई फाटली. रक्त ताटात ठिबकायला लागलं तरी दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मधलं दार उघडं होतं. दोघं त्या दारातून पलीकडे बघत होते.

“अरे, काय पडलं?” सासूबाईंनी विचारलं.

“ताट निसटलं, आई,” दीर म्हणाला, अगदी नेहमीच्या आवाजात.

लहानपणी ह्या दोघांनी एकमेकांना चापटसुद्धा मारली नव्हती. सासूबाई सांगायच्या, एकाला ठेच लागली की दुसरा लंगडायचा. आता मात्र दिवसाआड काहीतरी व्हायला लागलं. नवऱ्याने ओळंब्याचा पितळी गोळा दोरीने गरगर फिरवून भावाच्या कानावर घातला. कान कायमचा चेंबला, त्या कानाने ऐकू येईना. तिसऱ्या दिवशी दिराने त्याचा उजवा हात रंग वाटायच्या दगडावर दाबून धरला आणि वरून बत्ता मारला. अंगठ्याचं हाड मोडल्याचा आवाज मी अंगणात ऐकला. ओलं लाकूड मोडावं तसा.

५

माणूस कारण शोधतो. मीही शोधलं. हौदांच्या वासाने डोकी फिरत असतील. नव्या जागेत झोप लागत नसेल. दोघांनी लपून प्यायला सुरुवात केली असेल. तोंडाचा वास घेऊन पाहिला, तेही नव्हतं.

मग सुतार आला, चौकटीचं माप घ्यायला, सोबत त्याचा मेहुणा. मी त्यांना चित्रापाशी सोडून पाणी आणायला गेले. तांब्या भरेपर्यंत किती वेळ लागतो? परत आले तर सुताराने मेहुण्याला खाली पाडून लाकडी पट्टी त्याच्या दातांत आडवी घातली होती आणि दोन्ही टोकं धरून दाबत होता. त्याचीही मान वळलेली, नजर चित्रावर. मी तांब्यातलं पाणी त्याच्या तोंडावर फेकलं. दोघं उठले, कपडे झटकले, माप न घेताच गेले. जाताना मेहुणा तोंडातलं रक्त पुसत म्हणाला, “तुमच्याकडे फार कोंदट होतं बुवा.”

तेव्हा मला समजलं, हे माझ्या घरातलं भांडण नाही. आणि हेही समजलं, की एक दिवस मी पाणी भरून परत येईन आणि ह्या दोघांतला एक जण उठायचा नाही.

“अहो, ते चित्र तोंड फिरवून ठेवू,” मी नवऱ्याला म्हटलं.

“वाळायचंय अजून,” तो म्हणाला, आणि मोडक्या अंगठ्याची पट्टी दातांनी घट्ट केली. “हात लावलास तर बघ.”

मला लग्नानंतर तो पहिल्यांदा असं बोलला.

मधल्या काळात आणखी एक झालं होतं. भर दुपारी, सगळे जेवायच्या खोलीत असताना, चित्राच्या खोलीतून खुर्ची सरकवल्याचा आवाज यायचा. लाकडाचे पाय फरशीवर घासल्याचा. त्या खोलीत एक स्टूल होतं, एक बाक होतं. खुर्ची एकही नव्हती.

६

सासूबाई तोपर्यंत त्या खोलीत गेल्या नव्हत्या. एका दुपारी नवरा-दीर दोघं तिथे माझ्यापाशी गप्प बसून होते, म्हणून त्या मुद्दाम काठी टेकत आल्या आणि अंगणाकडच्या दारातल्या स्टुलावर बसल्या.

“पोरं गप्प असली की आईला भ्यायला होतं,” म्हणाल्या. मग चित्राकडे तोंड करून, “हे कोण गं?”

“कोण?”

“टेबलापाशी बसलाय तो. एवढा आडदांड.”

“आई, त्यात माणूस नाही. खुर्च्या आहेत.”

“खुर्च्या-बिर्च्या मला नाही दिसत. तुझ्या नवऱ्याची एक रेघ मला आज दोन वर्षं दिसलेली नाही. मला नुसते डाग दिसतात. पण माणूस आहे तो. कोपरं टेकून बसलाय, मान खाली घालून. कालपासून उपाशी असल्यासारखा.”

चितारी लोक चित्रात भार कुठे पडलाय ते बघताना डोळे किलकिले करतात. रेघा विरघळतात आणि नुसता उजेड-अंधार उरतो. मी तसे डोळे बारीक केले.

खुर्च्या गेल्या. टेबल गेलं. खुर्च्यांच्या पाठींमधली रिकामी जागा, टेबलाखालचा अंधार, बंद दाराचा काळा चौकोन, हे सगळं एकमेकांना जाऊन मिळालं आणि तो बसलेला दिसला. रुंद खांदे. पुढे टेकलेली कोपरं. रेघवाल्याने तो काढला नव्हता, रंगवाल्याने तो भरला नव्हता. एकाने रेघा पाहिल्या, दुसऱ्याने रंग पाहिले, आणि दोघांनी सोडून दिलेल्या जागेत तो येऊन बसला होता. लाल दाणा बरोबर त्याच्या तोंडापाशी होता.

मी डोळे उघडले. सहा खुर्च्या. परत किलकिले केले.

त्याने मान वर केली होती.

७

मी मागे वळले तेव्हा उशीर झाला होता. आवाज काहीच झाला नाही, तेच वाईट. दीर रंगाच्या दगडावर उताणा होता. नवऱ्याचा गुडघा त्याच्या छातीवर, आणि डाव्या हातात रंग खरवडायची पाती. पातीचं टोक गळ्यात जरासं शिरलेलं. रक्ताची बारीक रेघ कानामागे चालली होती. आणि दिराची दोन बोटं नवऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात घुसलेली. दोघांच्या माना चित्राकडे. एकमेकांना मारणारे हात जणू त्यांचे नव्हतेच.

मी नवऱ्याला मागून ओढलं. त्याने कोपर मारलं, माझं तोंड बाकाच्या कडेवर आपटलं आणि पुढचे दोन दात गेले. आजतागायत ती फट आहे. मी तोंडातलं रक्त थुंकलं आणि मला एवढंच सुचलं, की हे दोघं इथे नाहीतच. ते आत कोंडले गेलेत. बाहेरून किती ओढलं तरी उपयोग नाही, दार तिकडे आहे.

दगडावर पांढरा कालवलेला होता. मी उजव्या हाताचं बोट त्यात बुडवलं आणि चित्रातल्या त्या बंद दारावर, वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ ओढली. बोटभर उघडलेल्या दारातून येतो तसा उजेड. सासऱ्यांचा नेम मोडला. रेघ माझी, रंगही माझा, एकाच हाताने.

माझी नजर त्या फटीतून सरळ बाहेर पडली. छातीवरचं ओझं उतरावं तसं झालं.

पाती फरशीवर पडली. दीर खोकला आणि म्हणाला, “दादा, उठ की. किती जाड झालायस.”

नवऱ्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि तो तिथेच बसून लहान पोरासारखा रडायला लागला. त्याच्या डोळ्यातून रक्त येत होतं, पण डोळा शाबूत होता. मी दोघांची डोकी पोटाशी धरली.

तेव्हा खुर्ची सरकली. ह्या वेळी आवाज जवळून आला.

दारातल्या स्टुलावर बसलेल्या सासूबाईंनी पाय आखडून घेतले, वाटेतून कुणी जाताना घेतात तसे.

“पोरी, सरक,” त्या म्हणाल्या. “वाटेत बसू नका. जाऊ दे त्याला.”

मी दोघांना घेऊन भिंतीला लागले. जे पाहिलं तेवढंच सांगते, पदरचं घालत नाही. अंगणाकडच्या त्या दाराला गोणपाटाचा पडदा होता. तो आतून बाहेर फुगला, खांद्याच्या उंचीवर. पण तो खांदा माझ्या नवऱ्याच्या डोक्याच्याही वर होता. मग पडदा पडला.

बाहेर अंगणात लख्ख ऊन होतं आणि दोऱ्यांवर ओली कातडी वाळत घातलेली. वारा नव्हता. पहिलं कातडं हललं. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्या पुढचं. एकामागून एक, घाई न करता, अंगणाच्या पलीकडे मालकाच्या बैठकीपर्यंत.

मी मालकाला हाक मारू शकले असते. तोंड रक्ताने भरलं होतं, म्हणून नाही मारली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

८

मालक त्या वेळी बैठकीत एकटाच हिशेबनीसाची वाट बघत बसला होता. कामगारांनी सांगितलं, आधी खुर्च्या ढकलल्याचे आवाज आले. एक नाही, सहा. मग मालक कुणाला तरी “बसा” म्हणाला. मग एकदाच धडकल्याचा आवाज. दार फोडलं तेव्हा ते जड टेबल भिंतीपर्यंत गेलेलं होतं आणि त्याचा कोपरा मालकाच्या पोटात, मागच्या भिंतीला टेकेपर्यंत. टेबल मागे ओढायला सहा माणसं लागली. पोलिस आले, चार दिवस येत राहिले. शेवटी फरशी घसरडी होती, असं काहीतरी लिहून गेले.

मी चित्रापाशी गेले आणि डोळे किलकिले केले. खुर्च्यांमध्ये नुसती रिकामी जागा होती. लाल दाण्याला बोट लावलं. वाळला होता, खडखडीत.

कारखाना मालकाच्या बहिणीकडे गेला. ती स्वभावाने मऊ. चित्र बघायला आली, बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “त्या दारातून उजेड किती छान येतोय. कुणी काढला?”

“हिने,” नवरा म्हणाला. लोकांसमोर त्याने माझं कौतुक केलं ते तेवढंच.

तिने चित्र नेलं नाही, आणि उत्तरेच्या उजेडाची ती खोली आमच्या नावे करून दिली. नवऱ्याचा अंगठा वाकडाच बसला. मग त्याने सांगायचं आणि दिराने रेघ ओढायची. दिराने सांगायचं आणि नवऱ्याने डाव्या हाताने रंग भरायचा. एकमेकांच्या हातांनी काम करायला लागल्यापासून त्यांची चित्रं अशी काही निघाली, की लांबलांबून माणसं यायला लागली. आणि सोडलेली रिकामी जागा दोघं मिळून बघायला लागले. दिराला कान चेंबलेला असूनही चांगली बायको मिळाली. ती म्हणायची, अर्धंच ऐकणारा नवरा बरा.

सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी मुलांची तोंडं बघितली, मग मला चित्रापाशी न्यायला सांगितलं. चष्मा लावून त्यांनी एकेक खुर्ची पाहिली.

“हेच का ते? चांगल्या सहा खुर्च्या आहेत की,” म्हणाल्या. “मग आपण खाली बसून का जेवतो?”

सुताराकडून तशाच सहा खुर्च्या करून आणल्या. आता त्या पुरत नाहीत, एवढी लेकरं-नातवंडं झाली. सगळे एकत्र जेवायला बसतात, हसतात, भांडतातसुद्धा, पण बोलून. मी जेवायच्या आधी डोळे किलकिले करून खुर्च्यांमधल्या जागा एकदा बघून घेते. माझीच माणसं दिसतात. जशी आमच्या नजरेला वाट सापडली, तशी ती तुमच्याही नजरेला सापडो, आणि तुमचं ताट भरलेलं राहो.